सान सेबास्तियान: बास्कांच्या शहरात कुठे, काय आणि कसं खायचं?

मुंबई-पुण्यापासून बंगळुरू-दिल्लीपर्यंत अनेक बेकऱ्यांच्या काचेमागे हल्ली एक वेगळाच चीजकेक दिसतो. वरून जवळजवळ करपलेला, आतून खरवसासारखा लुसलुशीत. पाटीवर नाव असतं ‘बास्क चीजकेक’. तो खाताना तुमच्या मनात कधी आलंय का, की हे बास्क म्हणजे नेमके कोण आणि हा पदार्थ मुळात कुठे मिळतो?

उत्तर आहे सान सेबास्तियान. स्पेनच्या उत्तरेला, फ्रान्सच्या सीमेपासून जेमतेम 20 किलोमीटरवर, समुद्राच्या कुशीत वसलेलं हे शहर. स्थानिक लोक त्याला दोनोस्तिया म्हणतात. लोकसंख्या दोन लाखांहूनही कमी, पण खाण्याच्या बाबतीत त्याचं नाव पॅरिस-टोकियोच्या जोडीने घेतलं जातं.

युरोपच्या सहलीत बार्सिलोना आणि माद्रिद पाहून परतणारे बरेच जण इथपर्यंत येत नाहीत. तुम्ही येणार असाल तर थोडी तयारी करून या. कारण इथे चांगलं खायला खिसा फार जड असावा लागत नाही, पण पद्धत माहीत असावी लागते. आणि घरात कुणी शाकाहारी असेल, तर ही तयारी आणखी गरजेची.

बास्क कोण, आणि त्यांचं जेवण वेगळं का?

बास्क लोक स्पेन आणि फ्रान्सच्या सीमेवर, पिरेनीज पर्वताच्या दोन्ही बाजूंना राहतात. त्यांची भाषा, एउस्केरा, जगातल्या कुठल्याच दुसऱ्या भाषेशी नातं सांगत नाही. हुकूमशहा फ्रँकोच्या काळात ती शाळांतून आणि सरकारी व्यवहारातून हद्दपार झाली होती. आज ती पुन्हा पाट्यांवर, शाळांत आणि मेन्यूकार्डांवर मानाने दिसते. त्यामुळे कुणी परक्याने ‘एस्केरिक आस्को’, म्हणजे ‘आभारी आहे’, एवढं म्हटलं तरी समोरचा चेहरा खुलतो.

मेन्यू वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवा. इंग्रजी टी आणि एक्स ही अक्षरं जोडून आली की बास्क भाषेत त्यांचा उच्चार ‘च’ होतो. म्हणूनच पिंचो, चाकोली, चुलेता.

आपल्याला हे लोक वाटतात तितके परके नाहीत. जुन्या गोव्याच्या बाँ जेझुस बॅसिलिकात ज्यांचे अवशेष आहेत, ते सेंट फ्रान्सिस झेवियर शेजारच्या नवार प्रांतात जन्मलेले बास्क. ते 1542 मध्ये गोव्याला पोहोचले. मुंबईच्या झेवियर्स कॉलेजचं नाव त्यांच्यावरूनच आलं आहे.

जेवणाचं म्हणाल, तर एका बाजूला थंड पाण्याचा समुद्र, दुसऱ्या बाजूला मेंढ्या चरणारे हिरवे डोंगर आणि मध्ये सफरचंदाच्या बागा, असा हा मुलूख. मसाले अगदी कमी. ऑलिव्ह तेल, लसूण, अजमोदा आणि सौम्य मिरची एवढ्यावर बरंच काम चालतं. आपल्या जिभेला पहिला घास सपक वाटू शकतो. दुसऱ्या-तिसऱ्या घासाला माशाची, टोमॅटोची, मशरूमची मूळ चव लागायला लागते. इथल्या स्वयंपाकाचं सगळं लक्ष या मूळ चवीवर असतं.

पिंचो खायचे कसे?

शहराची खरी ओळख आहे पिंचो. ‘पिंचार’ म्हणजे टोचणे. पावाच्या तुकड्यावर काहीतरी ठेवून त्यात काडी टोचलेली असे, म्हणून हे नाव. आता काडी असतेच असं नाही, पण दोन-तीन घासांत संपणारा पदार्थ ही व्याख्या कायम आहे.

पहिला पिंचो म्हणून ‘हिल्दा’चं नाव घेतलं जातं. हिरवं ऑलिव्ह, खारवलेला अँचोवी मासा आणि इबार्रा गावची लोणच्यातली हिरवी मिरची, तिन्ही एका काडीवर. अँचोवी म्हणजे आपल्या मांदेलीच्या कुळातला छोटा मासा. 1946 मध्ये आलेल्या ‘गिल्डा’ या हॉलिवूडपटातल्या रिटा हेवर्थच्या भूमिकेवरून हे नाव पडलं. ही नायिका आणि हा पिंचो, दोघीही खारट, तिखट आणि ‘हिरव्या’. स्पॅनिशमध्ये हिरवा या शब्दाला चावटपणाची छटा आहे. हिल्दाचा जन्म शहराच्या मध्यभागातल्या ‘कासा वाय्येस’ या बारमध्ये झाला आणि ती तिथे आजही मिळते.

बारमध्ये शिरल्यावर काउंटरभर रंगीबेरंगी ताटल्या मांडलेल्या दिसतील. हा बुफे नाही, हे आधी लक्षात घ्या. ताट भरून घेऊन कोपऱ्यात बसणं म्हणजे पर्यटक असल्याची जाहिरात.

- काउंटरवरचे पिंचो थंड असतात. गरम पिंचो फळ्यावर लिहिलेले असतात आणि मागणीनुसार बनतात. बहुतेक ठिकाणी खरी मजा याच गरम पिंचोंमध्ये असते.
- एका बारमध्ये एक किंवा दोनच पिंचो खा आणि पुढच्या बारकडे निघा. प्रत्येक बारची एखादीच खासियत असते, ती खायची.
- उभ्यानेच खायचं. बसायला जागा मिळाली तर नशीब समजा.
- बहुतेक बारमध्ये पैसे शेवटी देतात. तुम्ही किती खाल्लं हे प्रामाणिकपणे सांगायचं.
- मद्य घेत नसाल तर ‘मोस्तो’ मागा. हा द्राक्षाचा गोड रस जवळपास सगळीकडे मिळतो आणि मुलांनाही आवडतो.

इथे बारमध्ये मुलं-बाळं, आजी-आजोबा सगळे येतात. ‘बार’ या शब्दाला आपल्याकडे जो वास चिकटलेला आहे, तो इथे नाही. संध्याकाळी चालत चालत चार ठिकाणी चार घास खाणं आणि ओळखीच्यांशी गप्पा मारणं, हा रोजचा रिवाज आहे.

जुन्या शहरातली खास ठिकाणं

पार्ते व्हिएखा, म्हणजे जुनं शहर, हे पिंचोंचं माहेरघर. 31 ऑगस्ट 1813 रोजी युद्धात लागलेल्या आगीत हे शहर जवळजवळ संपूर्ण जळालं. वाचलेल्या मोजक्या घरांची गल्ली आजही ‘31 ऑगस्ट’ याच नावाने ओळखली जाते.

ला विन्या: याच गल्लीतला हा बार 1959 पासून सुरू आहे. जगभर पसरलेला तो करपलेला चीजकेक इथलाच. सान्तियागो रिवेरा यांनी 1990 च्या सुमारास तो बनवायला सुरुवात केली. खाली बिस्किटाचा थर नाही, वर फळांचा मुरंबा नाही. काउंटरमागच्या फळ्यांवर ओळीने निवत ठेवलेले केक पाहणं हाही एक सोहळाच.

बार नेस्तोर: मोजकेच पदार्थ आणि कायमची गर्दी. बटाटा, कांदा आणि अंडी यांची जाड तोर्तिया इथे दिवसातून फक्त दोनदा बनते, दुपारी एकदा आणि रात्री एकदा. तुकडे मोजके असल्याने आधी जाऊन नाव लिहून ठेवावं लागतं. ते जमलं नाही तरी निराश होऊ नका. टोमॅटोच्या जाड फोडींवर फक्त ऑलिव्ह तेल आणि जाडं मीठ घातलेली ताटली मागवा. टोमॅटो इतका चवदार असू शकतो, हे तिथे कळतं.

गांबारा: रानातल्या मशरूमसाठी प्रसिद्ध. तव्यावर परतलेली मशरूम, मध्ये अंड्याचा कच्चा बलक. बलक फोडून मिसळायचा आणि पावाने पुसून खायचं.

ला कुचारा दे सान तेल्मो: इथे काउंटरवर काहीच मांडलेलं नसतं, सगळं ताजं आणि गरम. सगळ्यात नावाजलेला पदार्थ म्हणजे वाइनमध्ये तासन् तास शिजवलेला गालाचा मांसल भाग.

बोर्दा बेर्री: फेर्मिन काल्बेतोन गल्लीतला हा बार इदियाझाबाल या मेंढीच्या दुधाच्या चीजमधल्या मऊसर ‘रिसोतो’साठी ओळखला जातो. याच गल्लीत ‘गोईझ आर्गी’मध्ये कोळंबीची काडी खायची.

चेपेचा: इथे अँचोवीचं राज्य. खेकड्याच्या क्रीमसोबत अँचोवी ही त्यांची ओळख.

फिरता फिरता कोन्स्तितुसिओन चौकात जरा थांबा. भोवतालच्या घरांच्या सज्ज्यांवर आकडे दिसतील. पूर्वी या चौकात बैलांच्या झुंजी होत आणि हे सज्जे म्हणजे प्रेक्षकांच्या जागा.

नदीपलीकडचं ग्रोस

जुन्या शहरात उन्हाळ्यात पाय ठेवायला जागा नसते. इतकी, की कधी कधी स्थानिक लोकच तिकडे फिरकत नाहीत. तेव्हा उरुमेआ नदीवरचा पूल ओलांडून ग्रोस भागात या. सर्फिंगसाठी नावाजलेल्या झुरिओला किनाऱ्यामागचा हा भाग तरुणांचा आणि कुटुंबांचा.

‘बोदेगा दोनोस्तियारा’ 1928 पासून सुरू आहे. ट्यूना, अँचोवी, मिरची आणि ऑलिव्हच्या त्यांच्या पिंचोला प्रसिद्ध सायकलपटू इंदुराइनचं नाव दिलेलं आहे. जवळच्या ‘बेर्गारा’मध्ये काउंटरवरचे पिंचो पाहूनच पोट भरतं. गुरुवारी संध्याकाळी ग्रोसमध्ये ‘पिंचो-पोते’ असतं. अनेक बार एक पेय आणि एक पिंचो ठरावीक स्वस्त दरात देतात. गुरुवारी शहरात असाल तर ही संधी सोडू नका.

घरात शाकाहारी कुणी असेल तर

खरं सांगायचं तर हे शहर शाकाहारी माणसासाठी सोपं नाही. अंडं चालत असेल तर पोट भरेल. अंडंही चालत नसेल तर आधीच नियोजन करा, म्हणजे सहलीत एकाने जेवायचं आणि दुसऱ्याने पाव चघळायचा अशी वेळ येणार नाही.

सगळ्यात मोठी अडचण शब्दांची आहे. स्पेनमध्ये ‘सिन कार्ने’, म्हणजे मांस नको, असं सांगितलं तरी हॅमचे तुकडे किंवा मासा ताटात येऊ शकतो, कारण बऱ्याच जणांच्या लेखी ते ‘कार्ने’ नव्हे. ‘सँडविच वेखेताल’ या नावालाही भुलू नका, त्यात बहुतेक वेळा ट्यूना असतो. म्हणून पूर्ण वाक्य सांगा: ‘सिन कार्ने, सिन हामोन, सिन पेस्कादो’. मांस नको, हॅम नको, मासा नको. अंडं नको असेल तर पुढे ‘सिन उएवो’ जोडा. फोनमध्ये हे लिहूनच ठेवा.

बिनधास्त मागवता येतील अशा गोष्टी: तळून मीठ भुरभुरवलेल्या गेर्निकाच्या हिरव्या मिरच्या (या तिखट नसतात), टोमॅटोची ताटली, भाजलेल्या लाल ढोबळ्या मिरच्या, ऑलिव्ह आणि बिनबलकाची मशरूम. तोलोसा गावचे काळपट राजमे प्रसिद्ध आहेत, पण ते बहुतेक वेळा डुकराच्या सॉसेजसोबत शिजवतात, तेव्हा विचारूनच घ्या. रिसोतोतही मांसाचा रस्सा असू शकतो. क्रोकेतांच्या आत बरेचदा हॅम असतं. आणि कटाक्षाने शाकाहारी असाल तर हेही माहीत हवं, की इदियाझाबाल चीज विरजताना प्राण्यापासून मिळणारं रेनेट वापरतात.

गोमांस किंवा डुकराचं मांस टाळणाऱ्यांनी हे शब्द ओळखून ठेवावेत: वाका आणि बुएय म्हणजे गाय-बैल, तेर्नेरा म्हणजे वासरू, सेर्दो म्हणजे डुक्कर, हामोन म्हणजे डुकराच्या मांडीचं हॅम. ‘चुलेता’ हा इथला लाडका पदार्थ मोठ्या वयाच्या गाईच्या मांसाचा असतो. कोंबडीला पोयो, मेंढीच्या कोकराला कोर्देरो आणि कोळंबीला गांबास म्हणतात.

मासे खाणाऱ्यांची मात्र चैन आहे. आपल्याच शाईत शिजवलेल्या छोट्या माकुल्या, हिरव्या रश्श्यातला हेक मासा, ट्यूना-बटाट्याचं मार्मिताको हे कोळ्यांचं कालवण आणि पिल-पिल कॉड. या पिल-पिलमध्ये साय नाही की पीठ नाही. माशातला चिकट रस आणि ऑलिव्ह तेल भांडं हलवत हलवत एकजीव करून दाट रस्सा तयार करतात. कोकणात किंवा गोव्यात वाढलेल्या माणसाला इथे घरच्यासारखं वाटेल, फक्त नारळ आणि कोकम तेवढं आठवेल.

तीन स्टारची हॉटेलं: जावं का?

या छोट्या शहरात आणि त्याच्या आसपास मिशेलिनचे तीन स्टार मिळवलेली तीन नावं आहेत: आर्झाक, आकेलारे आणि जवळच्या लासार्ते गावातलं मार्तिन बेरासातेगी.

यातल्या आर्झाकची गोष्ट घरोघरी सांगावी अशी आहे. 1897 मध्ये एका कुटुंबाने खानावळ म्हणून ही वास्तू बांधली. हुआन मारी आर्झाक लहान असतानाच वडील वारले आणि आईने, पाकिता आर्रातिबेल यांनी, खानावळ एकटीने चालवली, नावारूपाला आणली. हुआन मारी यांनी तिथूनच सुरुवात केली. 1976 नंतर त्यांनी पेद्रो सुबिखाना आणि इतर सोबत्यांबरोबर ‘नवी बास्क पाककला’ ही चळवळ उभारली. आजीच्या पाककृती टाकून न देता त्या हलक्या, नेटक्या आणि ऋतूप्रमाणे करायच्या, हे तिचं सूत्र. 1989 मध्ये आर्झाकला तिसरा स्टार मिळाला. आज त्यांची मुलगी एलेना हे घर चालवते. 2012 मध्ये तिला जगातली सर्वोत्तम महिला शेफ हा सन्मान मिळाला.

पण खर्चाचं काय? अशा ठिकाणी एका माणसाच्या जेवणाला अडीचशे युरोहून जास्त लागतात. एक युरो म्हणजे साधारण शंभर रुपये धरा आणि हिशोब करा. लग्नाचा पंचविसावा वाढदिवस असेल आणि हौस असेल तर जरूर जा. महिनोन् महिने आधी बुकिंग करा आणि शाकाहार किंवा अॅलर्जी तेव्हाच कळवा. नाही गेलात तरी काही बिघडत नाही. त्या चळवळीचा हात बारच्या काउंटरपर्यंत पोहोचला आहे, आणि तोच नेटकेपणा तिथे पाच युरोत खाता येतो.

पुरुषांची स्वयंपाकघरं

बाहेरून साध्या दरवाजासारखी दिसणारी काही ठिकाणं शहरात आहेत, ज्यांत तुम्हाला सहज शिरता येणार नाही. या आहेत खाद्यमंडळं, बास्क भाषेत ‘चोको’. यातलं ‘उनिओन आर्तेसाना’ 1870 पासून सुरू आहे. सभासद इथे एकत्र येतात, स्वतः स्वयंपाक करतात, जेवतात, वापरलेल्या सामानाचा हिशोब लिहून पैसे ठेवतात.

गंमत म्हणजे पिढ्यान् पिढ्या हे सभासद फक्त पुरुष होते. पुरुष हौसेने रांधतात म्हणून कौतुक करावं, की बायकांना ओट्यापाशी येऊ दिलं नाही म्हणून रागवावं? दोन्ही करायला हरकत नाही. रोजचा स्वयंपाक घरी बायकांच्या वाट्याला आणि सणाचा, वाहवा मिळवणारा पुरुषांच्या, ही वाटणी आपल्यालाही अनोळखी नाही. आता अनेक मंडळांत बायकांना पाहुण्या म्हणून प्रवेश आहे, काहींनी सभासदत्वही खुलं केलं आहे. दरवर्षी 20 जानेवारीला, शहराच्या ग्रामदैवत संताच्या दिवशी, लोक शिपायांचे आणि स्वयंपाक्यांचे वेश घालून दिवस-रात्र ढोल वाजवतात. स्वयंपाक्याला शिपायाच्या बरोबरीने मान देणारं गाव म्हणून सान सेबास्तियान लक्षात राहतं.

शहराबाहेर एक दिवस

जानेवारी ते एप्रिल या काळात आलात तर जवळच्या अस्तिगार्रागा गावी सायडर घरात जेवा. सफरचंदाच्या मद्याची मोठाली पिंपं असतात. कुणीतरी ‘चोच!’ अशी हाक देतो, उच्चार थेट आपल्या चोचीसारखा. मग सगळे पेला घेऊन रांगेत उभे राहतात आणि पिंपातून उडणारी धार पेल्यात झेलतात. जेवण ठरलेलं: कॉडचं ऑम्लेट, मिरच्यांसोबत कॉड, चुलेता आणि शेवटी चीज, बिहीच्या फळाची वडी आणि अक्रोड. ‘पेत्रितेगी’सारखी काही घरं वर्षभर उघडी असतात.

दुसरा पर्याय गेतारिया हे कोळ्यांचं गाव. पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करून 1522 मध्ये परतलेला खलाशी एल्कानो इथला. त्याच्याच नावाच्या हॉटेलात निखाऱ्यांवर अख्खा भाजलेला टर्बट हा चपटा मासा मिळतो. ते महाग वाटलं, तर बंदराजवळच्या साध्या हॉटेलांतही निखाऱ्यांवर मासे भाजतात.

निघण्यापूर्वी हे लक्षात ठेवा

- वेळा: दुपारचं जेवण दीड ते साडेतीन, रात्रीचं साडेआठनंतर. संध्याकाळी सहाला भूक लागली तर बेकरीच गाठा. बरीच हॉटेलं रविवारी रात्री आणि सोमवारी बंद असतात.
- खर्च: एक पिंचो साधारण 3 ते 6 युरोंना. चार-पाच पिंचो म्हणजे एक जेवण. दुपारी ‘मेनू देल दिया’ विचारा. ठरावीक दरात दोन पदार्थ, पाव आणि गोड असं पूर्ण जेवण मिळतं.
- बाजार: ला ब्रेचा आणि सान मार्तिन हे दोन बाजार सकाळी पाहा. फळं, पाव, चीज घेऊन ला कोंचा किनाऱ्यावर बसलात की शाकाहारी मंडळींची न्याहारीही झाली.
- गोड: बदाम लावलेली, आत कस्टर्ड भरलेली ‘पांचिनेता’ खाऊन पाहा. मेंढीच्या दुधाची, मधासोबत खायची ‘मामिया’ दह्याची आठवण करून देते, मात्र तीही रेनेटनेच लावतात.
- केव्हा जावं: जुलै-ऑगस्टमध्ये तुफान गर्दी, सप्टेंबरमध्ये चित्रपट महोत्सव. मे-जून किंवा ऑक्टोबर बरा. पाऊस केव्हाही येतो, छत्री जवळ असू द्या.
- कसं जावं: बिलबाओ विमानतळावरून थेट बस मिळते, सुमारे सव्वा तास लागतो.

आणि जाणं जमलं नाही तर?

ला विन्याचा चीजकेक घरीही जमतो. निम्म्या मापाने करा: 500 ग्रॅम क्रीम चीज, 200 ग्रॅम साखर, साडेतीन अंडी (चौथं फेटून त्यातलं अर्धं), 250 मिली क्रीम आणि अर्धा मोठा चमचा मैदा. सगळं साहित्य फ्रीजमधून आधीच बाहेर काढून ठेवा. चीज आणि साखर एकजीव करा, मग एकेक अंडं, क्रीम आणि शेवटी मैदा घालून गुठळ्या मोडेपर्यंत फेटा. 18 सेंटिमीटरच्या भांड्यात बेकिंगचा कागद चुरगळून, काठाच्या वर येईल असा लावा. 210 अंशांवर तापवलेल्या ओव्हनमध्ये सुमारे 30 ते 35 मिनिटं भाजा. वरून गडद तपकिरी झाला आणि मधोमध अजून थरथरतोय, तेव्हाच बाहेर काढा. घाई न करता पूर्ण निवू द्या, मगच कापा.

आणि तो खायच्या आधी बास्कांसारखं एकमेकांना म्हणा, ‘ओन एगिन!’ म्हणजे, सावकाश होऊ द्या.